कागद हरवलेला जहाजी रेडिओ: काय करावे, काय टाळावे

ग्वाल्हेरला समुद्र नाही. पण भारताच्या सागरी इतिहासातलं एक महत्त्वाचं जहाज ग्वाल्हेरच्या पैशानं विकत घेतलेलं होतं. १९१४ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी कॅनेडियन पॅसिफिकचं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज घेतलं, त्याला ‘लॉयल्टी’ असं नाव दिलं आणि पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ-जहाज म्हणून चाललं. १९१९ मध्ये ते वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेलं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं; ती तारीख आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. १९२३ मध्ये मुंबईतच ते मोडीत निघालं.

जहाज मोडलं की त्याच्या वायरलेस-खोलीचं काय होतं, हे सहसा कोणी नोंदवून ठेवत नाही. मुंबईचा दारूखाना असो की १९८३ पासून जहाजं तोडणारं अलंग, यंत्र लोखंडाच्या भावात जातं आणि त्याचं पुस्तक रद्दीत. १ फेब्रुवारी १९९९ पासून नवी उपग्रहाधारित सागरी संकट-सूचना व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सवर चालणाऱ्या खोल्या रिकाम्या झाल्या. हातोहात फिरत एखादा मार्कोनी, रेडिफॉन किंवा एडिस्टोन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कबाड्याकडेही येतो. आम्ही तिथल्याच शिंदे की छावनीत राहणारी माणसं तो घरी आणतो, आणि मग कळतं की सर्किट नाही, भागांची यादी नाही, पाटीसुद्धा कोणी उचकटून नेली आहे.

तरीही असा संच जिवंत करता येतो. त्याची बरीचशी माहिती त्याच्या पोटातच असते. ती आपल्या हातून पुसली जाऊ नये, एवढ्यासाठी ही यादी.

घरी आणल्यावर

करावे: स्क्रूला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. झाकण उघडल्यावर पुन्हा, आणि प्रत्येक थर मोकळा झाल्यावर पुन्हा. वायरचा मूळ रंग उजेडात नीट दिसेल असे काढावेत. काही वर्षांनी लाल, तपकिरी आणि नारिंगी हे तिन्ही रंग सारखेच दिसतात.

करावे: पॅनेलवरच्या पेन्सिलीच्या खुणा उतरवून घ्याव्यात. जहाजावरचा रेडिओ अधिकारी, ज्याला खलाशी ‘मार्कोनी साहेब’ म्हणत, डायलशेजारी स्वतःच्या नोंदी करून ठेवत असे: कोणत्या बँडवर कोणतं किनारी केंद्र, ट्रिमर कुठे. पुस्तक नसताना ह्या खुणा फार मोलाच्या असतात.

टाळावे: स्वच्छ दिसावं म्हणून पॅनेल थिनरनं पुसणे. अक्षरं जातात, खुणा जातात, आणि पुन्हा मिळत नाहीत.

टाळावे: “चालतोय का बघू” म्हणून थेट प्लगमध्ये घालणे. जुन्या संचांचं सर्वांत जास्त नुकसान ह्याच एका उत्सुकतेनं होतं.

वीज: इथे घाई जिवावर बेतते

जुन्या जहाजांवर वीज बहुधा डीसी असे, ११० किंवा २२० व्होल्टची, आणि तिच्या दोन्ही तारा जहाजाच्या लोखंडी सांगाड्यापासून अलग ठेवलेल्या असत. घरातल्या विजेत न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. हा फरक समजल्याशिवाय पुढचं काही करू नये.

करावे: आधी संच कोणत्या जातीचा आहे ते ठरवावं. मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर असेल तर तो एसीवर चालणारा. जहाजावर त्याला शेजारच्या रोटरी कन्व्हर्टरमधून एसी मिळत असे. ट्रान्सफॉर्मर नसेल, व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडलेले असतील आणि जास्तीचं व्होल्टेज खाणारा मोठा वायर-वाउंड रेझिस्टर, म्हणजे ड्रॉपर, असेल, तर तो एसी-डीसी संच. बर्मिंगहॅमच्या स्ट्रॅटन कंपनीचा एडिस्टोन ६७० ह्याच जातीचा आहे. जहाजाच्या केबिनमध्ये ऐकण्यासाठी तो बनवला होता.

टाळावे: एसी-डीसी संचाच्या चॅसिसला बोट लावणे. अशा संचांत मेन्सची एक बाजू बऱ्याचदा चॅसिसलाच येते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की पूर्ण २३० व्होल्ट चॅसिसवर, आणि नॉबचा ग्रब स्क्रू मोकळा असेल तर तुमच्या बोटावर.

करावे: अशा संचासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरावा. घरात मुलं असतील तर दुरुस्ती झाल्यानंतरही तो कायमचा ठेवावा.

टाळावे: डिमरस्टॅटलाच आयसोलेशन समजणे. डिमरस्टॅटमध्ये गुंडाळी एकच असते. तो व्होल्टेज कमी करतो, मेन्सपासून अलग करत नाही. चांगल्या मेकॅनिकांकडूनही ही गफलत होताना पाहिली आहे.

करावे: हीटरची बेरीज करावी. समजा संचात यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१ आणि यूवाय४१ असे पाच व्हॉल्व्ह आहेत. त्यांचे हीटर अनुक्रमे १४, १२.६, १४, ४५ आणि ३१ व्होल्टचे, बेरीज ११६.६. सगळे १०० मिलिअँपिअरवर चालतात. म्हणजे ११० व्होल्टच्या जहाजावर ते जवळजवळ थेट जोडता येत, आणि २३० वर उरलेले ११३ व्होल्ट ड्रॉपरनं खायचे: सुमारे १,१३० ओहम आणि ११ वॅट उष्णता. कागद नसताना ड्रॉपर किती ओहमचा असायला हवा आणि कोणता टॅप कशासाठी, हे एवढ्या गणितातून निघतं.

करावे: सिरीज लॅम्प, म्हणजे संचाच्या मालिकेत जोडलेला बल्ब, वापरावा, पण जुना फिलामेंटचा बल्ब, ४० किंवा ६० वॅटचा. एलईडी बल्बनं काही कळत नाही. बल्ब पूर्ण तेजानं पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

टाळावे: व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या संचात नुसता डिमरस्टॅट हळूहळू वाढवून इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर ‘जागे’ होतील अशी आशा धरणे. हीटर तापेपर्यंत एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, येतच नाही, आणि येते तेव्हा एकदम येते. कंडेन्सर सोडवून, वेगळ्या डीसी पुरवठ्यावर, मालिकेत रेझिस्टर घालून सावकाश चढवावा. गळती उतरत नसेल तर तो बदलावा.

करावे: ब्रिटिश संचावर २०० ते २५० व्होल्टचे टॅप असतील तर आपल्याकडची वीज दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मोजून मगच टॅप निवडावा. रात्री उशिरा भार कमी झाला की व्होल्टेज चढतं. वरचा टॅप घेतल्यानं आवाजात फरक कळत नाही, व्हॉल्व्हचं आयुष्य मात्र वाढतं.

सर्किट नाही? मग हे वाचावे

करावे: व्हॉल्व्हचे नंबर सर्वांत आधी. ब्रिटिश लष्करी आणि नौदली संचांवर ‘सीव्ही’नं सुरू होणारे आकडे दिसले तर घाबरू नये, ती नेहमीच्याच व्हॉल्व्हची सरकारी नावं आहेत. सीव्ही१३८ म्हणजे ईएफ९१, सीव्ही१४० म्हणजे ईबी९१, सीव्ही१२४ म्हणजे ८०७. सोव्हिएत जहाजावरचा ६एन८एस म्हणजे अमेरिकन ६एसएन७. नंबर कळला की मुलार्ड किंवा आरसीएच्या डेटा-पुस्तकातून पिना मिळतात, आणि पिना मिळाल्या की निम्मं सर्किट मिळालं.

टाळावे: नंबर पुसट आहे म्हणून व्हॉल्व्हची काच कापडानं घासणे. तोंडाची वाफ सोडून तिरप्या उजेडात पाहावं. पुष्कळदा पुसलेलं अक्षर उमटतं. घासलं की ते कायमचं गेलं.

करावे: डायलमधली ‘फट’ शोधावी. हा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण मॅन्युअल नसताना सगळ्यांत जास्त अडवतं ते आयएफ, म्हणजे संचाच्या आतली ठराविक मधली फ्रीक्वेन्सी. ती माहीत नसेल तर अलाइनमेंट करता येत नाही. पण जहाजी रिसीव्हर फार खालपासून फार वरपर्यंत ऐकतो, आणि स्वतःच्या आयएफवर तो ऐकू शकत नाही. तिथे तो शिट्ट्या मारायला लागतो. म्हणून बनवणारे तेवढा तुकडा डायलमधून गाळत. मार्कोनी सीआर१०० घ्या: डायल ६० ते ४२० किलोहर्ट्झ, आणि मग थेट ५०० पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत. मधली फट ४२० ते ५००, आयएफ ४६५. विमानातला आर११५५ पाहा: फट ५०० ते ६००, आयएफ ५६०. आरसीएच्या एआर८८एलएफमध्ये फट ५५० किलोहर्ट्झ ते १.४८ मेगाहर्ट्झ, आयएफ ७३५. म्हणजे अनोळखी संचाचा डायल उतरवून घेतला आणि त्यातली फट पाहिली, तर आयएफ कोणत्या पट्ट्यात शोधायची ते सिग्नल जनरेटर जोडण्याआधीच कळतं.

करावे: मग जनरेटर मिक्सरच्या ग्रिडला एका लहान कंडेन्सरमधून जोडून त्या पट्ट्यात सावकाश फिरवावा. आवाज जिथे सर्वांत जास्त येईल ती नोंद करावी, शक्यतो दोन-तीनदा.

टाळावे: आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या कोअरना आधीच हात लावणे. कारखान्यात मेणानं सील केलेला कोअर बहुधा आपल्या जागी असतो. दोष दुसरीकडे असताना कोअर फिरवला की एकाचे दोन दोष होतात. लोखंडी भुकटीचे कोअर ठिसूळही असतात. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर घातला की तडकतात.

करावे: अनोळखी ट्रान्सफॉर्मर ओहमवर वाचावा. हीटरची गुंडाळी एक ओहमच्याही खाली, प्रायमरी दहापासून काही दहा ओहमपर्यंत, मध्यबिंदू असलेली एचटी गुंडाळी शंभर ओहमच्या आसपास. मग हीटरच्या गुंडाळीला दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून ६ व्होल्ट एसी देऊन बाकीच्या गुंडाळ्यांवर काय येतं ते मोजावं. सगळी गुणोत्तरं मिळतात. मात्र ह्या उलट जोडणीत एचटीच्या टोकांवर पूर्ण शेकडो व्होल्ट येतात हे विसरू नये.

करावे: जुने रंगसंकेत शिकून घ्यावेत. युद्धकाळातल्या रेझिस्टरवर पट्टे नसतात: अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, मधला ठिपका शून्यांचा. अंग पिवळं, टोक जांभळं, ठिपका नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. कंडेन्सरवरचा ‘एमएफ’ म्हणजे मायक्रोफॅरड. १९३७ पूर्वीच्या ब्रिटिश नौदली सामानावर ‘जार’ हे एकक दिसलं तर ९०० जार म्हणजे एक मायक्रोफॅरड.

करावे: त्या काळची पाठ्यपुस्तकं शोधावीत, नुसती मॅन्युअलं नाही. ब्रिटिश नौदलाचं ‘अ‍ॅडमिरल्टी हँडबुक ऑफ वायरलेस टेलिग्राफी’ आणि हॉकहेड व डाउसेट यांचं वायरलेस टेलिग्राफिस्टांसाठीचं पुस्तक, ज्याच्या पुढे बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, ह्यांत जहाजी यंत्रांची सर्किटं आणि ती तशी का बांधली ह्याची कारणं आहेत. तुमचा नेमका संच त्यात नसेलही, पण त्याचा भाऊबंद सापडेल. मार्कोनी कंपनीचे जुने कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपलेले आहेत. नेमका मॉडेल नंबर हाती असेल तर तिथे पत्र घालायला हरकत नाही.

टाळावे: जवळपासच्या मॉडेलचं सर्किट डोळे झाकून लावणे. एकाच नावाखाली कारखाना मधेच व्हॉल्व्ह बदलत असे. कागद आणि चॅसिस यांच्यात विसंगती दिसली तर चॅसिसवर विश्वास ठेवावा, तोही जोडणी मूळची आहे की नंतरच्या हाताची हे पाहून: चमकदार, गोळा झालेलं सोल्डर आणि प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार म्हणजे बहुधा नंतरची दुरुस्ती.

मीठ आणि धूळ

समुद्रातून आलेला संच आमच्या कोरड्या शहरात ठेवला की तो सुरक्षित झाला असं वाटतं. मीठ आतच असतं, आणि पावसाळ्याच्या पहिल्या दमट आठवड्यात ते पुन्हा पाणी ओढून घेतं. हिरवट बुरशीसारखा थर, काळे पडलेले पितळी स्क्रू, मधूनच येणारी खरखर ही त्याची लक्षणं.

करावे: आधी मऊ ब्रशनं कोरडी सफाई. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळलेल्या कापसाच्या काडीनं मीठ उचलावं, आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाणी काढून टाकावं. क्रम महत्त्वाचा, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. नुसतं अल्कोहोल फिरवलं तर मीठ एका जागेवरून दुसरीकडे जातं.

टाळावे: बोअरचं पाणी. सुकल्यावर मागे राहणारा पांढरा थर नवा त्रास देतो.

टाळावे: मे महिन्यात गच्चीवर वाळवणे. ग्वाल्हेरचं ४५ अंशांचं ऊन लोखंडी चॅसिसवर पडलं की कॉइलवरचं मेण वितळून बँड स्विचवर सांडतं. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एक-दोन दिवस पुरेसे.

टाळावे: पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर. त्या हवेत तेल आणि पाणी असतं, आणि गँग कंडेन्सरच्या पाती वाकतात. आमच्याकडची धूळ वालुकाश्माची, धारदार. ट्यूनिंगच्या गिअरमध्ये ती गेली तर वंगण लावण्याआधी पूर्ण काढावी, नाहीतर वंगण आणि धूळ मिळून गिअर झिजवतात.

टाळावे: बँड स्विचच्या चांदीच्या टोकांना पॉलिश-पेपर. चांदीचा मुलामा पातळ असतो.

करावे: ट्रान्सफॉर्मर आणि चोक सोडवून, बाकी सर्किटपासून अलग करून, ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरनं) तपासावेत. दमट गुंडाळी मंद उष्णतेनं सुकवून पुन्हा मोजावी.

भाग बदलताना

करावे: मेणाचे कागदी कंडेन्सर बदलावेत, विशेषतः आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा. तो गळू लागला की ग्रिडवर धन व्होल्टेज जातं, व्हॉल्व्ह लाल होतो आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर नेतो. तो पुन्हा मिळत नाही.

टाळावे: एका बसणीत सगळे भाग बदलणे. एक बदलावा, संच चालवून पाहावा, नोंद करावी. वीस बदलल्यावर संच गप्प झाला तर चूक कोणत्या जोडणीत आहे हे शोधायला पुस्तकही नसतं.

टाळावे: मायका कंडेन्सर उगाच काढणे. तो चांगला असण्याची शक्यताच जास्त.

करावे: जुने भाग पाकिटात, कुठून काढला ते लिहून, ठेवावेत. जळलेल्या रेझिस्टरचे रंग आज वाचता आले नाहीत तरी तो फोडून आतला न जळलेला तुकडा मोजता येतो.

करावे: सेलेनियम रेक्टिफायरऐवजी सिलिकॉन डायोड घालावा, पण मालिकेत रेझिस्टरसकट. डायोडवर व्होल्टेज फारच कमी पडतं, त्यामुळे एचटी चढते. सेलेनियम जळाला आणि सडक्या मुळ्यासारखा वास आला तर वीज बंद करून खोलीबाहेर जावं. तो धूर विषारी असतो.

टाळावे: अंधारात दिसावेत म्हणून रंगवलेले युद्धकालीन काटे-आकडे खरवडणे. त्यात रेडियम असू शकतं. रंग विझला तरी किरणोत्सर्ग विझत नाही. ड्रॉपरजवळचे राखाडी, तंतुमय पॅड अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. तेही फाडू नयेत.

करावे: स्क्रू जपावेत. ब्रिटिश संचांत बीए आटे असतात. ६बीए २.८ मिलिमीटरचा आणि बाजारातला एम३ तीनचा. दिसायला सारखे, पण जबरदस्तीनं बसवला की पितळेचे आटे जातात.

व्हॉल्व्हसाठी दिल्लीतला लाल किल्ल्यासमोरचा लाजपत राय मार्केट आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड अजून चाळावेत. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून बंगळूरला रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवले. त्यांचे जुने, न वापरलेले डबे अजूनही निघतात.

ट्रान्समीटर हाती आला तर

टाळावे: परवान्याशिवाय ठेवणे किंवा चालवणे. आपल्याकडे ट्रान्समीटरला बिनतारी परवाना लागतो. हौशी ऑपरेटर व्हायचं असेल तर केंद्राच्या दळणवळण खात्याची परीक्षा आहे, ती द्यावी. परवाना असला तरी जहाजांच्या फ्रीक्वेन्सीवर पाठवू नये. मोर्ससाठी ५०० आणि बोलण्यासाठी २१८२ किलोहर्ट्झ ह्या संकटाच्या फ्रीक्वेन्सी होत्या. ५०० वर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांत, आणि २१८२ वर ०० ते ०३ आणि ३० ते ३३ मिनिटांत, सगळी जहाजं बोलणं थांबवून बुडणाऱ्याची हाक ऐकत बसत. वायरलेस-खोलीच्या घड्याळावरचे लाल आणि हिरवे पट्टे त्याचेच. असं घड्याळ मिळालं तर त्याची तबकडी रंगवून ‘नवी’ करू नये.

करावे: चाचणी डमी लोडवरच, म्हणजे अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवरच, करावी.

टाळावे: एचटी कंडेन्सर स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करणे. लांब इन्सुलेटेड दांड्याला काही किलोओहमचा वायर-वाउंड रेझिस्टर लावून, तो काही सेकंद धरून, मग मीटरनं खात्री करावी. एकट्यानं, रात्री उशिरा, हे काम करू नये.

संच बोलू लागल्यावर

करावे: डायल तपासायला चीनचं बीपीएम वेळ-केंद्र घ्यावं, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर त्याचे सेकंदाचे टोले ऐकू येतात. एडिस्टोन किंवा सीआर१००चा डायल ह्या तीन बिंदूंवर बसला की बाकीचा विश्वासानं वाचता येतो.

करावे: स्वतः काढलेलं सर्किट स्वच्छ कागदावर उतरवावं. त्यात प्रत्येक व्हॉल्व्हच्या पिनेवरचं मोजलेलं व्होल्टेज, मीटर कोणता, मेन्स किती होती, कोणता भाग बदलला आणि मूळचा कितीचा होता, एवढं असावं. खात्री नसलेल्या जोडणीवर प्रश्नचिन्ह ठेवावं; अंदाज आणि मोजमाप एकाच शाईत लिहू नये. एक प्रत कॅबिनेटच्या आत, ड्रॉपरपासून दूर, पाकिटात चिकटवावी. दुसरी प्रत त्याच मॉडेलवर काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाला पाठवावी. आणि एसी-डीसी संच असेल तर मागच्या झाकणावर बाहेरून, मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदी दोन्हींत लिहावं: चॅसिसला वीज आहे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये.